दत्ताने जुळवलेल्या सायकली

डिंभ्याला बसची वाट पाहत होतो, तेव्हा फोन आला. दत्ता पहाटे झोपेतच गेला. धरणाच्या पाण्यावर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता... बस आली, थांबली, निघून गेली. मी तिथंच उभा.

महाळुंगे पडवळला दत्ताची शेती होती, पण जीव पत्र्याच्या शेडमधल्या सायकलींत. एकेक भाग निवडून तो सायकल जुळवायचा. शाळेपासूनची आमची मैत्री, फक्त या बाबतीत कधी जमलं नाही. मला सायकल देखणी लागे. बारीक टायर, चकचकीत हँडल, मडगार्ड नकोच. तो म्हणे, मग चिखल पाठीवर घेऊन हिंड, लई देखणा दिसशील.

पुढे मोटारसायकलवरून पडून माझा गुडघा दुखावला. डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलं, आणि दत्ताने न विचारता एक जुळवून मंचरला माझ्या घरी आणली. उंच हँडल, रुंद सीट, चढाला हलका पडेल असा गिअर. मापात कुठंच चूक नव्हती. पण तीन रंगांचे तीन तुकडे जोडलेली ती सायकल पाहिली आणि मी पहिल्यांदा स्वतःला अपंग समजलो. चार महिने ती भिंतीला टेकून राहिली. गुडघा आखडत गेला. एकदा दत्ता आला, सीटवरची धूळ पाहिली आणि सायकल घेऊन गेला.

पंधरा दिवसांनी परत आणली. भाग तेच, पण सगळ्याला एकच गडद हिरवा रंग, आणि हँडलवर त्याने हाताने शिवलेलं चामडं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझंच चुकलं राव. जी बघू वाटत न्हाई, तिच्यावर माणूस बसंल कसा? दिसणं बी कामाचंच असतंय."

त्यानंतर कितीतरी सकाळी आम्ही कालव्याच्या कडेने गेलो. कांद्याच्या रोपांचा ओला वास, दोन चेनचा आवाज... गुडघा कधी मोकळा झाला, कळलंही नाही.

तो गेल्यावर महिन्याने शेडमध्ये गेलो. स्टँडवर एक बुटकी सायकल जवळजवळ तयार होती, त्याच्या बायकोसाठी, सुनंदावहिनींसाठी. पन्नाशीत त्यांना शिकायची होती. घंटा तेवढी राहिली होती. टेबलावर दोन ठेवलेल्या. एक कर्कश, एक पितळी, मंद आवाजाची.

"चार दिवस ठरवत व्हते," वहिनी म्हणाल्या. "मला इचारलंच न्हाई."

मग मी विचारलं. त्यांनी दोन्ही वाजवल्या. पितळी पुन्हा एकदा वाजवली.

"मला कुठं हायवेला जायचंय, भाऊजी?"

मी पितळी बसवली. वहिनी अजून सायकल शिकलेल्या नाहीत. पण दुपारची कामं उरकली की शेडमध्ये जातात, एकदाच घंटा वाजवतात, आणि तिचा नाद पुरता विरेपर्यंत हँडलवर हात ठेवून उभ्या राहतात.