बाबांना कळणारं कॉमिक

चित्रकलेतलं मला काही कळत नाही, आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, तेव्हा यावर लिहायचं धाडस करतोय त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण गेल्या आठवड्यात लायब्ररीत नव्या गुळगुळीत कागदाचा वास आला आणि आखातात असतानाची अल मनखूलमधली आमची खोली आठवली. बाबा हमरियातल्या कारखान्यातून घामेजून यायचे, हातपाय धुऊन पलंगावर माझ्याशेजारी बसायचे आणि आम्ही त्या महिन्याचं इंग्रजी कॉमिक उघडायचो. बाबांना इंग्रजी वाचता येत नसे, पण त्याचा चित्रकार माणसांचे डोळे आणि हात असे काढायचा की बाबा माझ्याआधी हसायचे. मग एका अंकात चित्रकार बदलला. सगळे चेहरे देखणे आणि सारखेच, चौकटी शब्दांनी भरलेल्या. बाबा एका पानावर थांबले. "हा रडतोय की चिडलाय रे?" "बाबा, इट्स रिटन देअर. चिडलाय." "लिहिलंय होय," म्हणत त्यांनी अंक माझ्या मांडीवर ठेवला. "मी वाचून दाखवतो ना." "नको, खलास. आता हे तुम्हा शिकलेल्यांचं झालं." जुन्या चित्रकाराचं विचारलं की दुकानदार दर महिन्याला म्हणायचा, "पुरानावाला आएगा, इन्शाल्ला," आणि मी अंक आणत राहिलो, बाबांनी एकही उघडला नाही. काल मोबाईलवर आलेली इंग्रजी बातमी मी त्यांना वाचून दाखवली: तो जुना चित्रकार वारला, त्या बदललेल्या अंकाआधीच त्याचा उजवा हात लुळा पडला होता, तेव्हापासून त्याला एक रेघही ओढता आली नव्हती.