दारावरचा निळा ओरखडा

तुमच्यातल्याच कुणीतरी, मी नाव घेत नाही, रिव्हर्स घेताना स्वतःची गाडी स्वतःच्याच गेटला घासलीय आणि घरात जाऊन "कुणी मेल्यानं घासली कुणास ठाऊक!" असं ठोकून दिलंय. आता असं कपात बघू नका. चहा प्या. मी कुणाचा हिशेब काढायला आलेले नाही. आज जी फजिती सांगणार आहे ती माझीच आहे. पण एक अट आहे. शेवटपर्यंत ऐकायचं. कारण या गोष्टीत सोळा आण्यांपैकी चौदा आणे मी जिंकलेय!

तर आमच्याकडे म्हशी आहेत. बाबा रोज संध्याकाळी दोन म्हशी घेऊन चौकातल्या कट्ट्यावर जातात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. कोल्हापूरकरांना हे सांगावं लागत नाही, पण तुमच्यात पुण्याची दोन माणसं दिसतायत म्हणून सांगितलं.

त्यातली हरणी म्हणजे काय सांगू? जातिवंत पंढरपुरी. शिंगं तलवारीसारखी, पार खांद्यामागं गेलेली. आणि स्वभाव इतका गरीब की दोन-दोन वर्षांची पोरं तिच्या पोटाला टेकून दूध पितात.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींची मिरवणूक निघते. शिंगं ऑइलपेंटनं रंगवायची, पायात चाळ बांधायचे, मालकानं पुढं मोटरसायकलची घुमघुम करत सुटायचं आणि म्हशीनं मागून धावत यायचं. एवढ्या गर्दीत, एवढ्या गोंगाटात, तिनं आपल्या गाडीचा आवाज बरोबर ओळखायचा! यंदा हरणीच्या पुढं गाडी कुणी चालवली? मी. फिजिक्सची पदवीधर मुलगी पुढं आणि लाल शिंगांची हरणी मागं. दोन महिने सराव केला होता. पहिला नंबर आला. मानाचा फेटा बाबांनी स्वतःच्या डोक्यावरून काढून माझ्या डोक्यावर ठेवला. हे गोष्टीसाठी एवढं गरजेचं नाही, पण सांगायची संधी मी सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, सकाळी सकाळी दारात मगदूम काका. आमचे शेजारी. इचलकरंजीहून कापड आणून विकतात. दसऱ्यालाच नवीकोरी पांढरी गाडी घेतली होती त्यांनी.

"तुज्या म्हशीनं गाडीचं दार फाडलं की गं!" काका ओरडले.

"कधी?"

"काल. मिरवणुकीतनं येताना. बारा हजार खर्च हाय. गॅरेजवाल्याला इचारून आलोय."

"तुम्ही बघितलं?"

"बघायला कशाला पायजे? गल्लीत एवढी लांब शिंगं दुसऱ्या कुणाची हायत? माझी हायत?"

बघा हं! पुरावा काय, तर शिंगं लांब आहेत. उद्या माझे हात लांब आहेत म्हणून बँकेचा दरोडा माझ्या नावावर घालतील!

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा मागून म्हणाले, "देऊन टाकू. शेजार हाय. म्हयन्याला थोडं थोडं देतो म्हनावं."

आता बाबा असे आहेत. चूक नसताना हात जोडणारे. आणि मी अशी आहे की चूक नसताना कुणी हात जोडला तर माझ्याच तळपायाची आग मस्तकात जाते. शिवाय प्रश्न बारा हजारांचा नव्हता. पैसे दिले म्हणजे आम्ही कबूल केलं. आणि 'हरणी मारकी आहे' असं एकदा गल्लीत झालं, की आपलं पोरगं तिच्या पोटाला टेकवायला कोण आणणार होतं? बाबांचा कट्टाच बसला असता.

"एक रुपया मिळणार न्हाय," मी म्हणाले. "संध्याकाळी गाडी तालमीपुढं आणा. सगळ्यांसमोर होऊ दे."

संध्याकाळी तालमीपुढं ही गर्दी! वस्ताद मध्ये खुर्चीवर. आमच्या गल्लीत नवरा-बायकोच्या भांडणापासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत सगळ्याचा निकाल वस्ताद देतात. काकांनी गाडी भिंतीशेजारी लावली होती. मागच्या दारावर वीतभर ओरखडा.

मी हरणीला पुढं आणलं. "वस्ताद, हिच्या शिंगांचा रंग कुठला?"

"लाल. आंधळ्याला बी दिसंल."

"परवा लावलाय. अजून चिकट आहे. बोट लावा."

वस्तादांनी बोट लावलं. बोट लाल.

"आता ओरखड्यात रंग कुठला आहे, तेवढं वाकून बघा."

वस्ताद वाकले. अर्धी तालीम वाकली. ओरखड्यात निळ्या रंगाची बारीक रेघ!

"काका," मी अगदी गोड आवाजात विचारलं, "तुमच्या गेटला रंग कुठला दिलाय हो?"

पन्नास माना एकदम काकांच्या निळ्या गेटाकडं वळल्या.

"मागं घेताना... जरा लागलं असंल. मला काय आठवत न्हाय," काका पुटपुटले.

"मला आठवतंय की!" काकांच्याच गॅलरीतून काकूंचा आवाज. "मी वरनं बोंबलत होते, थांबा, थांबा म्हणून! तर मलाच म्हंटले, तुला गाडीतलं काय कळतंय?"

काय हशा झाला म्हणता! वस्ताद म्हणाले, "मिटलं. मगदूम, सगळ्यांना चहा तुमच्याकडनं."

तर शहाणं माणूस इथं थांबतं. चहा पितं, घरी जातं. पण काका चहा सांगायला वळता वळता म्हणाले, "ह्या डावाला नसंल केलं. पण शिंगाचं जनावर ते, कवातरी मारणारच."

झालं! चौदा आणे खिशात होते, आणि मला उरलेले दोन आणे दिसायला लागले.

"थांबा!" मी म्हणाले. "कुणी हलायचं न्हाय. भिंत आणि गाडी यांच्यामध्ये किती जागा आहे? चार हात. यातनं हरणी पळत येईल. तुमच्या गाडीला शेपटीचा केससुद्धा लागणार न्हाय."

"राहू दे गं," बाबा म्हणाले.

"राहू दे," वस्ताद म्हणाले.

"अगं बाई, चहा उकळायला ठेवलाय!" काकू म्हणाल्या.

पण ऐकेल ती मी कसली? मोटरसायकल काढली, बोळातून पलीकडं नेऊन उभी केली आणि दिला ॲक्सिलरेटरला पीळ. घुम्म! घुम्म! हरणीनं कान टवकारले. आणि निघाली. पायातले चाळ छमछम वाजतायत, मान अशी ताठ, शिंगं अशी मागं! आली, गाडीजवळ आली, अंग चोरलं, आणि भिंत आणि गाडीमधून अशी सरळ रेषेत यायला लागली, जशी काही मी पट्टी ठेवून आखलीय.

माझा ऊर भरून आला हो. आणि सगळ्यांचाच आला. बघणाऱ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

इथं तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. ऐन वेळी मलाही ती आठवली नव्हती. दोन महिन्यांच्या सरावात मी हरणीला नुसतं धावायला शिकवलं नव्हतं. टाळ्या पडल्या की जागच्या जागी गिरकी घ्यायलाही शिकवलं होतं! पहिला नंबर त्या गिरकीवर तर आला होता.

हरणी थांबली. टाळ्यांकडं मान वळवली. आणि चार हात जागेत, अत्यंत डौलानं, तिनं गिरकी घेतली.

कर्रर्रर्र... धप्प!

टाळ्या बंद. मागच्याच दारावर, निळ्या ओरखड्याच्या बरोबर खाली, टोकापासून टोकापर्यंत लालभडक रेघ आणि तिच्या शेवटी नारळ बसेल एवढा खड्डा. हरणी माझ्याकडं बघत होती. शाबासकीच्या अपेक्षेनं.

मग वस्ताद खाकरले. "एक मातुर हाय. म्हस मारकी न्हाय. नाचरी हाय."

बघा, निकाल लागला की नाही? त्या दिवसापासून कट्ट्यावर पोरं गिरकी बघायला टाळ्या वाजवत येतात. बाबांना दुधाचं माप पुरेना. फक्त आता हरणीला मोकळ्या जागेत बांधतो आम्ही.

राहिला खड्डा. मी सरळ काकांपुढं गेले आणि म्हणाले, "हा लाल माझा. याचे पैसे मी देणार, मी शिकवण्या घेते त्या पैशातनं. पण वरचा निळा तुमचा. त्याचा एक रुपया देणार न्हाय."

काका बिचारे ओशाळले होते. "असू दे गं पोरी, दोघं मिळून..."

"दोघं मिळून न्हाय! ज्याचा त्यानं!"

माणसाला तत्त्व नको का? तुम्हीच सांगा!

दुसऱ्या दिवशी काकांना शेजारी बसवून मी स्वतः गाडी उद्यमनगरात पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रींकडं नेली. तिथं उभं राहून, खडूनं रेघ मारून समजावलं. "हे बघा, या रेघेच्या खालचं सगळं काढायचं. त्याचे पैसे माझ्याकडनं. वरच्या निळ्या ओरखड्याला हात लावायचा न्हाय. तो यांचा आहे. यांना करायचा तेव्हा हे करतील."

काका गॅरेजच्या छपराकडं बघत होते, आणि मला उगीच वाटलं की ते हसू दाबतायत.

मिस्त्रींनी आधी दाराकडं बघितलं, मग माझ्या खडूच्या रेघेकडं, मग माझ्याकडं. विडी विझवली.

"ताई, खड्डा काढला की रंग अख्ख्या दाराला मारावा लागतोय, त्यात वरचा ओरखडा जाणारच. पण तुमाला त्यो राखूनच पायजे असंल, तर रंग वाळल्यावर हुता तसा परत पाडून देतो की! फकस्त त्याची मजुरी येगळी पडंल."