बॅगेत फक्त कपडे

अकोल्यात तनवीर सरांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास एका शिलाईच्या दुकानाच्या माडीवर भरतो. खाली मशिनींची खडखड आणि वर ‘हाउ मे आय हेल्प यू’. पुण्या-नागपूरच्या हॉटेलांत नोकरी धरू पाहणारी पोरंपोरी इथं येतात. सर त्यांना खोली कशी दाखवायची, चहा कसा विचारायचा, सारं शिकवतात. पण त्यांचा जीव रमतो तो एकाच धड्यात. पाहुण्यानं खोली सोडली, गाडीला मात्र वेळ आहे, तेव्हा सामान हॉटेलात ठेवून घ्यायचं तो धडा. पोरं आळीपाळीनं काउंटरवर उभी राहतात. पाहुणा दर वेळी सरच. ते काम त्यांनी आजवर कोणाला दिलं नाही.

खरं सांगायचं तर सर जन्मात कधी हॉटेलात उतरले नव्हते. जावं त्या गावाला कोणी ना कोणी नातलग निघायचाच. अशात अमरावतीच्या एका कॉलेजानं त्यांना वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं आणि राहायला हॉटेलात खोली दिली. अमरावतीत त्यांची मेहुणी नगमा राहते. तिनं फोनवर विचारलं, “हमारे घर की छत गिर गई क्या?” सरांच्या बायकोनं, निखतनं मग कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी भरली, सरांच्या पायजम्यात गुंडाळून बॅगेत घातली आणि बजावलं, “ये नगमा को देना. गुस्सा उतर जाएगा.”

सकाळी स्पर्धेला निघताना खोली सोडायची होती. कॉलेजनं ऑटो पाठवला होता, बॅग त्यात सहज मावली असती. ऑटोवाल्यानं हातही पुढं केला. सर म्हणाले, “राहू द्या, सामान हॉटेलात ठेवाचं हाय.” आणि काळ्या कोटाची बटणं लावून ते काउंटरकडे वळले.

काउंटरवर वर्षाली होती. बाळापूरची पोरगी, सरांच्याच क्लासातली. सरांना पाहून तिचा चेहरा खुलला, पण शेजारी मॅनेजर धर्मेंद्र उभा होता आणि काउंटरवर इंग्रजीच बोलायचं असा त्याचा नियम होता. ओळख गिळून ती ताठ उभी राहिली. सरांना ते फार आवडलं.

“कुड यू प्लीज कीप माय लगेज टिल फोर ओ’क्लॉक?”

“सर्टनली, सर. इज देअर एनिथिंग फ्रॅजाइल ऑर व्हॅल्युएबल इन द बॅग?”

शब्द न् शब्द बरोबर. सरांचा ऊर भरून आला. त्या भरात त्यांच्या तोंडून क्लासात शेकडो वेळा दिलेलं उत्तर आपसूक निघालं, “नो, ओन्ली क्लोथ्ज.”

वर्षालीनं चिठ्ठी बांधली. बॅग सामानाच्या खोलीत गेली. फुटण्यासारखं काही नाही म्हटल्यावर ती आडवी पडली आणि तिच्यावर कोणाची तरी लोखंडी पेटी आली.

चारला सर परतले तेव्हा सगळ्या हॉटेलात मोहरीचा आणि हिंगाचा वास सुटला होता. काउंटरपुढं खुशालराव नावाचे गृहस्थ एक मलईच्या रंगाचा बंद गळ्याचा कोट दोन बोटांत धरून उभे होते. संध्याकाळी त्यांच्या भाचीचं लग्न होतं. तो सामानाच्या खोलीत सरांच्या बॅगेखाली आला होता; फुटलेल्या बरणीतलं तेल झिरपून त्याच्या पाठीवर पिवळा नकाशा उमटला होता.

“मामा मी हावो पोरीचा,” ते सांगत होते. “मांडवात लोनच्याचा वास मारत उभा राहू का?”

पाठ केलेल्यातलं जे हाती लागलं ते वर्षालीनं पुढं केलं. “थँक यू फॉर युवर पेशन्स, सर.”

“पेशंट कोन हाय वो?” खुशालराव कडाडले. “मले काय झालं?”

धर्मेंद्र सरांकडे वळला. इंग्रजीचा नियम तोही विसरला होता. “सर, बॅग तुमची हाय. हिनं तुमाले विचारलं होतं का, अंदर काही फुटनारं हाय म्हनून?”

नाही म्हटलं असतं तर सर मोकळे होते. परीक्षक, कोट घातलेले, कॉलेजचे पाहुणे. पोरगी नवी, कामावर लागून महिनाही झाला नव्हता. सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती, टेबलाकडे पाहत होती. सरांना इंग्रजीत काहीतरी भारदस्त बोलायचं होतं, पण त्या धड्यात पाहुण्याची चूक कधी झालीच नव्हती.

“विचारलं होतं,” ते म्हणाले. “मीच फक्त कपडे सांगतले.”

“काहून पन?”

“उत्तर तसंच असते.”

धर्मेंद्रला काही उमगलं नाही. खुशालरावांना तर मुळीच नाही. सरांनी आपला काळा कोट उतरवला आणि त्यांच्या हातात दिला. तो त्यांना पोटावर तंग झाला, बटण लागेना. आरशात दोनदा वळून पाहून ते म्हणाले, “चालते. फोटो छातीपरेंतच काढू.” कोट हॉटेलातच परत ठेवतो, असंही ते कबूल झाले.

वर्षाली ऑटोपर्यंत आली. “सर, तुमी शिकवलं ते सारं आलं मले,” ती म्हणाली. “पन मानूस भडकला त काय म्हनाचं, ते आपलं झालंच नाई.”

“मलेच नाई येत,” सर म्हणाले.

नगमाकडे ते बिनकोटाचे, रिकाम्या हातांनी आणि लोणच्याचा वास घेऊन गेले. तिनं चहा दिला; साखर घालायला विसरली की मुद्दाम, ते कळलं नाही.

घरी निखतनं बॅग उघडली आणि हळदीनं पिवळा झालेला पायजमा उचलून पाहिला. सरांनी झालं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

“लड़की ने पूछा था ना?” तिनं विचारलं.

“पूछा था.”

“तो बोलना था, अचार है.”

“जवाब रटा हुआ था,” सर म्हणाले.

निखतनं पायजमा बादलीत टाकला आणि नगमाची समजूत घालायला तिला फोन लावला.