पुन्हा न म्हणणारे हमीदभाई

लग्नाच्या मांडवात छायाचित्रकाराच्या तोंडी सर्वाधिक वेळा येणारा शब्द म्हणजे ‘पुन्हा’. पुन्हा हार घाला, पुन्हा इकडे बघा, गुरुजी, मंगळसूत्राचं तेवढं पुन्हा होऊ द्या. पौरोहित्याच्या दीर्घ काळात मी तो इतक्यांच्या तोंडून ऐकला की होमाच्या धुराप्रमाणे तोही मला झोंबू लागला. हमीदभाईंच्या तोंडून मात्र तो मी एकदाच ऐकला. त्या एकदाचीच ही हकीकत.

आमची पहिली भेट काही गोड नव्हती. मी तरुण होतो आणि शास्त्राइतकाच स्वतःच्या आवाजावरही माझा विश्वास होता. वधूवरांमध्ये अंतरपाट धरला जात असताना एक उंच, सडपातळ गृहस्थ कॅमेरा घेऊन जवळ सरकले. मी कडाडलो, “चौरंगाच्या अलीकडे पाऊल टाकायचे नाही!” त्यांनी पाऊल मागे घेतले. चपला त्यांनी मांडवाबाहेरच काढल्या होत्या, हे मला तेव्हा दिसले. ते हळूच म्हणाले, “पाऊल नाही टाकत, गुरुजी. नजर टाकली तर चालेल?”

त्या दिवशी जेवणानंतर ते माझ्याजवळ येऊन बसले. “एक विनंती आहे. शेवटच्या ‘सावधान’ला कापड खाली जातं, अक्षता उडतात, बँड वाजतो, सगळं एकदम होतं. आपण त्या शब्दावर एक श्वासभर जास्त थांबलात तर मला उजेड सापडतो. थांबा असं मी आपल्याला कधी म्हणणार नाही.” पुढच्या लग्नात ‘सावधान’मधला ‘धा’ माझ्याही नकळत लांबला. त्या ताणलेल्या स्वराखाली कॅमेऱ्याची कळ दबल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला. आमच्या मैत्रीचा करार तोच.

रविवार पेठेत एका जिन्याखाली त्यांचा स्टुडिओ होता. घराणे कैक पिढ्यांचे पुणेकर. वडील अत्तर विकीत. त्यामुळे त्या काळोख्या खोलीत रसायनांच्या उग्र दर्पातही कोठूनसा खसचा मंद गंध येई. तेथे बसून मी त्यांचे गिऱ्हाइकांशी वागणे पाहत असे. कोणी अल्बम आपटीत आला की हमीदभाई आधी पाण्याचा पेला पुढे करीत. “पाणी पिताना माणसाला ओरडता येत नाही, गुरुजी. तेवढ्यात मी त्याचं तोंड वाचतो.” लग्नाचे काम सांगायला आलेल्यांना ते विचारीत, “घरात कोण कोणावर रुसलंय? आत्ताच सांगा. नंतर दोन मामा एका फोटोत आले म्हणून मला बोल नको.” आणि त्यांचे एक आवडते वचन होते, “गिऱ्हाईक भांडतंय तोवर ते आपलं असतं. गप्प झालं की समजावं, वकिलाकडं गेलं.”

कर्वेनगरच्या दातारांच्या मुलीचे, वसुधेचे, लग्न आम्हां दोघांकडे होते. दातार हे निवृत्त शिक्षक. शब्द मोजून वापरणारे आणि वापरलेला प्रत्येक टोचणारे. त्यांच्या पत्नी पडून मांडीचे हाड मोडल्याने अंथरुणाला खिळल्या होत्या. मुहूर्त मोडू नये असा त्यांचाच आग्रह होता. पत्नी जवळ नसेल तर कन्यादानाच्या वेळी तिच्या जागी कनवटीला सुपारी लावतात, तशी मी दातारांच्या कनवटीला लावली. लग्न यथासांग झाले.

चार दिवसांनी हमीदभाई माझ्या घरी आले आणि दाराशीच उभे राहिले. त्यांचा चेहरा पाहून मला वाटले, घरात कोणी गेले.

“फिल्म कोरी निघाली, गुरुजी. अंतरपाटापासून कन्यादानापर्यंतची. आतल्या दात्यांत ती अडकलीच नव्हती. मी कळ दाबत होतो, कॅमेरा आवाज करत होता आणि फिल्म जागची हलली नव्हती.”

मी म्हणालो, “आता?”

“वकील म्हणतात, पावतीवर अट आहे. फिल्म बिघडली तर बदली फिल्म, बाकी जबाबदारी नाही. तोंडानं चूक कबूल करू नका, ग्राहक मंचात तेच तुमच्यावर उलटेल.” मग ते म्हणाले, “अट मी लबाड गिऱ्हाइकासाठी छापली होती. ती दातारसाहेबांसमोर कशी धरू? आपण येता का बरोबर?”

दातारांनी दार उघडले, आम्हां दोघांना पाहिले आणि म्हणाले, “या. साक्षीदार आधीच घेऊन आलात, छान केलंत.”

हमीदभाईंनी काहीही झाकले नाही. फिल्म मीच भरली, मीच तपासली नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दातारांचा स्वर चढत गेला. तुमचं दुकान बंद करवीन, नोटीस धाडीन, अख्ख्या पुण्याला सांगेन. हमीदभाई मान खाली घालून ऐकत होते. मग एकाएकी दातारांचा आवाज खाली आला. ते कुजबुजले, “आत तिला आता काय सांगू? रोज विचारते, फोटो कधी येणार. अहो, शास्त्राला सुपारी चालली, तिला नाही चालत.”

आतल्या खोलीकडे एकवार पाहून त्यांनी तोड काढली. “उद्या वसुधा आणि जावई माहेरी यायचे आहेत. शालू आहे, मुंडावळ्या आहेत. कार्यालय मी ठरवतो. गुरुजी, आपण उभे राहा, आणि तुम्ही पुन्हा फोटो घ्या. हे लग्नातलेच म्हणून तिला दाखवू. मग नोटीस नाही, काही नाही.”

माझ्या मित्राचे दुकान आणि नाव पणाला लागले होते. मंत्र न म्हणता नुसते उभे राहायला काय हरकत, असे म्हणण्यासाठी माझे ओठ विलग झालेही होते. तेवढ्यात हमीदभाई म्हणाले, “नाही साहेब. फोटो हरवला ही माझी चूक. खोटा दिला तर तो गुन्हा होईल, आणि तो वहिनींच्या उशाशी राहील. तुम्ही नोटीस धाडा.”

दातार गप्प झाले. हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिले. आपलेच वचन त्यांना आठवले असावे.

त्या शांततेत आतून क्षीण पण स्वच्छ आवाज आला. “अहो, भिंत पातळ आहे. मला सगळं ऐकू आलंय. त्यांना आत पाठवा.”

खिडकीतून दुपारचे ऊन गाळून येत होते. त्या माउली उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी ना राग दाखवला, ना अश्रू. “फोटो नाहीत तर नाहीत. पण तुम्ही सगळ्यांत जवळ होतात ना? कसं झालं माझ्या मुलीचं लग्न?”

हमीदभाई पलंगाशी खाली बसले. डोळे मिटून, झोपेतल्यासारखे, ते बोलू लागले.

“वहिनी, अंतरपाट पातळ होता. पलीकडचा उजेड त्यातून गाळून येत होता आणि ताईंच्या तोंडावर दुधासारखा पडला होता. कुंकवाच्या स्वस्तिकाची लाली तेवढी कपाळावर. एक अक्षत पापणीवर अडकली. त्यांनी झटकली नाही, नुसते डोळे अर्धे मिटले. गुरुजींनी शेवटचं सावधान लांबवलं. कापड खाली गेलं. आणि नवरदेवाकडं बघायच्या आधी त्यांनी दाराकडं बघितलं.”

“दाराकडे?”

“दाराकडं. मला वाटलं, कोणी आलं. मीपण वळून बघितलं. कोणी नव्हतं.”

त्यांनी खिडकीकडे पाहिले. मग म्हणाल्या, “मी तिला म्हणाले होते, खुर्चीत घालून आणतील मला. बघ तू, ऐन वेळी येईन.”

दातार चौकटीला धरून उभे होते. हमीदभाई उठले, माझ्याकडे वळले, आणि आयुष्यात प्रथमच म्हणाले, “गुरुजी, पुन्हा.”

विवाहसंस्कार एकदाच होतो. परंतु मंगलाष्टके हे आशीर्वचन आहे, आणि आशीर्वादाला पुनरुक्तीचा दोष लागत नाही. ती माउलींसमोर म्हणायला मी होकार दिला.

दुसऱ्या दिवशी त्या लहानशा खोलीत वसुधा आणि तिचा नवरा पलंगाच्या दोन्ही अंगांना उभी राहिली, आणि त्यांच्यामध्ये, आईच्या पायांवरून, अंतरपाट आला. एक टोक दातारांनी धरले. दुसरे धरायला कोणी नव्हते. हमीदभाई दाराशी रिकाम्या हातांनी उभे होते. कॅमेरा त्यांनी आणलाच नव्हता. दातार त्यांच्याकडे न पाहता म्हणाले, “नुसते काय उभे राहिलात? धरा.”

मी मंगलाष्टके म्हटली. शेवटचे ‘सावधान’ सवयीने लांबवले. कळ दाबल्याचा आवाज आला नाही. कापड खाली गेले, आणि वसुधेने या वेळी दाराकडे पाहिले नाही. माउलींच्या मुठीतल्या अक्षता फार उंच उडाल्या नाहीत; त्या त्यांच्याच पांघरुणावर सांडल्या.

निघताना दातार म्हणाले, “नोटीस पाठवली नाही, याचा अर्थ माफ केलं असा घेऊ नका.”

“घेत नाही साहेब,” हमीदभाई म्हणाले.

पुढे दातारांच्या नातवाच्या मुंजीचे बोलावणे मात्र त्यांनाच आले. पत्रिकेच्या तळाशी हाताने लिहिले होते, ‘फिल्म तपासून यावे.’

म्हातारपणी हमीदभाई मुलाकडे विश्रांतवाडीला राहायला गेले. दृष्टी अधू झाली होती. मी भेटायला गेलो की म्हणत, “गुरुजी, आता सगळंच अंतरपाटापलीकडं दिसतं. वाईट नाही. उजेड येतो.” एका पहाटे ते गेले. दफनाच्या वेळी त्यांच्या मुलाने मला पुढे बोलावले. मूठभर माती हातून सुटताना माझ्या ओठांवर आपोआप ‘पुन्हा’ हा शब्द आला, तो मी आतच गिळला.

आता लग्नात कॅमेरे पुष्कळ असतात. काही तर डोक्यावर घोंघावत उडतात. ‘गुरुजी, पुन्हा’ असे कोणीतरी म्हणतेच. मी रागावत नाही. अंतरपाट धरला जातो, पलीकडचा उजेड त्यातून पाझरतो, आणि शेवटच्या ‘सावधान’वर मी श्वासभर जास्त थांबतो. कशासाठी, हे यजमानांना ठाऊक नसते. त्या अवधीत चौरंगाच्या पलीकडे, चपला बाहेर काढून, कोणीतरी उजेड शोधत असतो.