नमुन्याचं जोडवं

आमच्या आतोबांनी, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांनी, आयुष्यात एकही वस्तू आधी उघडून पाहिल्याशिवाय वापरली नाही. गजराचं घड्याळ असो, स्टोव्ह असो, नाहीतर शेजाऱ्यांचा रेडिओ असो, वस्तू हातात आली की त्यांची नजर तिचे स्क्रू शोधायला लागायची. त्यांचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं. ऐन वेळी मांडवातली गॅसबत्ती फुरफुरायला लागली, तेव्हा हा नवरदेव पाटावरून उठला आणि डोळ्यांवर येणाऱ्या मुंडावळ्या बाजूला सारत बत्ती साफ करायला बसला. भटजी मुहूर्त टळतोय म्हणून ओरडत होते. आत्या सांगायची, "मी हार घेऊन उभी, आणि हे म्हणतात, थांब जरा, पिनेने भोक मोकळं करून आलोच." बत्ती मात्र पहाटेपर्यंत लख्ख जळली, हे तिलाही कबूल होतं.

ते कर्जतच्या शाळेत चित्रकला शिकवत. वर्गात फळ्यावर आंबा काढायला घेतला की आंब्याच्या आत कोय कशी असते, कोयीच्या आत काय असतं, असं करत करत तास संपायचा आणि मुलांच्या वह्यांत आंबा सोडून बाकी सगळं असायचं. मी तालुका कचेरीत कारकून म्हणून लागलो तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. भिसेगावच्या त्यांच्या घरात मी दोन वर्षं राहिलो. त्या दोन वर्षांत माझी सायकल पाच वेळा पूर्ण सुटी झाली आणि चार वेळा पूर्ण जोडली गेली. त्यांच्यावर रागावणं मात्र मला कधी जमलं नाही, कारण हातात पक्कड घेऊन ते असे काही लांब कुठेतरी पाहत बसायचे की माणूस झोपेत गोड स्वप्न बघतोय आणि आपण त्याला हलवतोय, असं वाटायचं.

एके दिवशी मुंबईच्या जुन्या बाजारातून ते एक मेटल डिटेक्टर घेऊन आले. लांब दांडा, खाली ताटलीएवढी चकती, वर बटणांची डबी आणि कानाला लावायचा हेडफोन. डबीवर इंग्रजीत 'नवशिक्यांसाठी' असं छापलेलं होतं. दुसऱ्या कोणाला ते कमीपणाचं वाटलं असतं. आतोबा खूश होऊन म्हणाले, "बरं झालं. मी नवशिकाच आहे." माहितीपत्रक नव्हतं, एक बटण तुटलेलं होतं, आणि तिन्हीसांजेच्या आत ते यंत्र ओसरीवर वर्तमानपत्रावर सुटं होऊन पडलं होतं.

हे यंत्र कशासाठी आलं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी आत्या हौसेने पळसदरीच्या घरच्या शेतावर भाताची रोपं काढायला गेली होती आणि चिखलात तिच्या पायातलं एक जोडवं गेलं. ती जोडवी तिच्या आईची, म्हणजे माझ्या आजीची. आजी सवाष्ण गेली आणि तिच्या पायातली जोडी लेकीला मिळाली होती. सासूबाईंनी लगेच नवी जोडवी करून घातली, पण उरलेलं एक आत्याने कुंकवाच्या करंड्याशेजारी चिंधीत बांधून ठेवलं. "मी शोधून देईन," असं आतोबांनी तेव्हा म्हटलं होतं. त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. आता ते शेत मुंबईच्या एका गृहस्थांना विकलं होतं आणि पावसाआधी तिथे भराव टाकायला ट्रक येणार होते. त्यानंतर जोडव्यावर पुरुषभर मुरूम पडला असता.

यंत्राला काय शोधायचं ते आधी ऐकवायला हवं, असं आतोबांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी आत्याकडे नमुना मागितला. आत्याने खूप आढेवेढे घेतले आणि शेवटी ते उरलेलं जोडवं काढून दिलं. हरवू नये म्हणून आतोबांनी त्याला देवघरातला लाल दोरा बांधला. रविवारी आम्ही तिघं पळसदरीला गेलो. जिथं रोपं काढताना पहिलं जोडवं पडलं, त्याच तुकड्यात त्यांनी नमुना चार बोटं खोल पुरला, वर खुणेची कारवीची काठी रोवली, आणि आम्ही आंब्याखाली भाकरी खायला बसलो. परत येऊन पाहतो तर काठी नाही! शेत कसणाऱ्या नामाची बायको तिकडून गेली होती. वाटेत दिसलेली वाळकी काडी चुलीसाठी उचलायची नाही, तर मग करायचं काय? "मला काय ठावं गं वयनी," ती आत्याला म्हणाली, "ती खुणेची हाय म्हून?"

आतोबा हसले. "काठी गेली तर जाऊ दे, यंत्र आहे की," असं म्हणून त्यांनी हेडफोन चढवला. यंत्र त्या तुकड्यावर नेलं मात्र, ते गुणगुणायला लागलं. एका जागी नाही, सगळीकडे. जिथं चकती न्यावी तिथं जोडवं! आम्ही वीस ठिकाणी उकरलं आणि वीस वेळा नुसती माती निघाली.

मग दुरुस्तीचे आठवडे सुरू झाले. आतोबांनी सेल बदलले, तार पुन्हा डाग देऊन जोडली, चकती तीन दिवस गच्चीवर वाळत टाकली. आपल्याच अंगावरच्या धातूमुळे यंत्र बावचळतंय, असं वाटून त्यांनी घड्याळ, किल्ल्या आणि पट्टा उतरवला, पँट सुतळीने बांधली, खिळ्यांच्या चपला सोडल्या आणि शेवटी तारेच्या काड्यांचा चष्माही काढला. चष्म्याशिवाय त्यांना हाताची बोटं धड दिसत नसत. चैत्राच्या त्या टळटळीत दुपारी, अनवाणी, अर्धे मिटलेले डोळे घेऊन ते चकती हळूहळू झुलवत चालायचे, आणि समोर डोंगराच्या कडा उन्हात हलताना दिसायच्या. मध्येच थांबून हेडफोन माझ्या कानाला लावायचे. "ऐक. जमीन झोपेत बडबडते आहे." खरोखर तसंच वाटायचं. मलाही तिथंच आडवं होऊन ऐकत राहावंसं वाटे.

आत्या मात्र काही बोलत नव्हती. ती बोलली नाही की घर मोठं वाटायचं. एका संध्याकाळी ओसरीवर, यंत्र मांडीवर असून हात न लावता, आतोबा मला म्हणाले, "आईची आठवण म्हणून एक तरी होतं रे तिच्याजवळ. तेही मीच नेऊन मातीत घातलं." त्यांना इतकं हताश झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं.

कोडं सोडवलं ते नामाने. बांधावर बसून बिडी ओढता ओढता तो म्हणाला, "मास्तर, तुमचं यंत्र या तुकड्यावरच वरडतंय. बाकी खाचरात गपगार हाय. ह्यो राबाचा तुकडा. माज्या आज्यापासनं दर साली पाला-शेण पेटवून हितलीच माती भाजतो आमी, मग बी टाकतो. भाजून भाजून पार वीट झालीया तिची. औंदा शेत इकलं, तर पयल्यांदाच भाजली नाय." आतोबा ताडकन उठले. नामाच्या अंगणातल्या चुलीवर त्यांनी चकती धरली. यंत्र गुणगुणलं. विटेवर धरली, गुणगुणलं. ओल्या कच्च्या मातीवर गप्प! "भाजलेली माती!" ते ओरडले. "अरे, यंत्र बिघडलेलं नाहीच. ते बिचारं खरं तेच सांगत होतं, मलाच भाषा कळत नव्हती!" मग राबाच्या मातीवरच चकती धरून त्यांनी तुटकं बटण पकडीने केसाकेसाने फिरवलं. गुणगुण बारीक होत गेली आणि थांबली.

ट्रक येण्याआधीचा तो शेवटचा रविवार होता. आत्या पाण्याची कळशी घेऊन मागून चालत होती. बराच वेळ नुसती शांतता. मग एका जागी यंत्राने एकच स्वच्छ सूर काढला, हेडफोनबाहेर मलाही ऐकू आला. आतोबा गुडघ्यांवर बसले, पण चष्मा नव्हता. आत्याने खाली वाकून माती चाळली. तिच्या बोटांत जोडवं आलं, आणि जोडव्याला मळका लाल दोरा होता. तो मी पाहिला. तिनेही पाहिला. तिने दोरा अलगद सोडवून मुठीत घेतला, कळशीतलं पाणी ओतून जोडवं खसखसून पदराने पुसलं आणि माझ्याकडे एकदाच बघून म्हणाली, "अहो, तेच आहे. पहिलं. त्या दिवशी पडलेलं."

"कशावरून?" आतोबांनी विचारलं.

"माझ्या पायातलं मला नाही कळणार?"

आतोबा तिथंच राबाच्या मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. बांधावरून नामा म्हणाला, "मास्तर, दुसरं बी बघा की." त्यांनी मान हलवली. "ते गेलं तर जाऊ दे रे. नमुनाच तो."

पुढं ते पंधरा वर्षं जगले आणि पळसदरीची ही गोष्ट त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. यंत्र माळ्यावर गेलं. शेतावर बंगला उभा राहिला, त्याच्या खाली कुठेतरी ते पहिलं जोडवं अजून असेल. मला एकाच गोष्टीचं राहून राहून नवल वाटायचं. ज्या माणसाने स्वतःच्या लग्नाची बत्तीसुद्धा सोडली नाही, त्याने ते सापडलेलं जोडवं चष्मा लावून एकदाही हातात घेतलं नाही. आत्या चिंधी सोडायला लागली की ते उठून अंगणात जायचे.

ते गेल्यावर एकदा मी धीर करून आत्याला विचारलं, "आतोबांना कळलं होतं का गं?"

तिने माळ्याकडे पाहिलं. "कोण जाणे," ती म्हणाली. "मी कधी उघडून पाहिलं नाही." मग चहा टाकायला उठली, आणि सवयीने एक कप जास्त पाणी ठेवलं.