रजिस्टरातल्या दोन ओळी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला सांगायचं दोनदा ठरवलं, दोन्ही वेळा विषय बदलला. गोष्ट तिच्याच भावाची होती. आता ती नाही, तोही नाही.

सोलापुरातल्या एका मोठ्या टॉवेल कंपनीत मी टाइम ऑफिसला होतो. नव्या माणसाचं नाव रजिस्टरात चढवायचं आणि त्याला बिल्ला द्यायचा, हे माझं काम. एकदा नव्या खात्यासाठी भरती होती. शहराच्या पूर्व भागातला एक तेलुगू विणकर सकाळी सहापासून गेटवर उभा होता, रांगेत पहिला. माझा मेहुणा मंद्रूपहून दहाच्या एसटीने आला. मी मेहुण्याचं नाव वर लिहिलं, विणकराचं खाली. घरचा माणूस, एवढंच कारण. नोकरी दोघांनाही लागली. विणकर हसून म्हणाला, "पाहुणे आदी, आमी मागनं. चालतंय की."

अठरा-वीस वर्षांनी कपात सुरू झाली. एकदाच झाली असती तर लोक रडून मोकळे झाले असते. पण दर तीन-चार महिन्यांनी बोर्डावर नवी यादी लागायची. यादीतून वाचलेले आठवडाभर मोठ्याने बोलायचे, मग पुन्हा कुजबुज. ताप असला तरी कुणी रजा घेईना. कँटीनमध्ये एक जण म्हणायचा, "टॉवेल बी आपणच विणायचा, डोळं बी आपणच पुसायचं." नियम असा, की खात्यात शेवटी लागलेला आधी जाणार. तारीख एकच असेल तर रजिस्टरातला क्रम बघायचा.

चौथ्या यादीची रेघ त्या दोन नावांच्या मधून गेली.

विणकर माझ्या खिडकीशी आला. भांडला नाही. "साहेब, त्या दिवशी मी आदी आलतो की. तुमी बघितलंय."

क्रम माझ्याकडून चुकला, एवढंच मी वर कळवायला हवं होतं. मग मेहुणा घरी बसला असता. मी रजिस्टर फिरवून त्याच्यापुढे धरलं. म्हणालो, "रेकॉर्डला आहे तेच खरं." त्याला मराठी वाचता येत नव्हतं. तरी त्याने ते पान बराच वेळ पाहिलं आणि बिल्ला काढून खिडकीत ठेवला.

मेहुणा तिथूनच रिटायर झाला.

गेल्या वर्षी विणकराच्या घरी गेलो. रिक्षात वाक्य घोकत होतो. तो आता कुठल्याशा अपार्टमेंटवर वॉचमन होता. त्या दिवशी सुट्टी होती. त्याची बायको दारात सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत बसलेली. त्याने खुर्ची पुसून दिली आणि शेजाऱ्याला हाक मारली, "ह्येच ते साहेब. यांनीच मला कंपनीत लावलं." बायकोने सूप बाजूला सारून चहा टाकला. चहा प्यालो, गुडघेदुखीचं बोललो आणि उठलो.

दिवाळीनंतर तो गेल्याचं कळलं. वाक्य अजून पाठ आहे. रांगेत पहिले तुम्ही होता, मी तुम्हाला खाली लिहिलं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटं बोललो. मला माफ करा.