कॅमेरा बंद ठेवता येतो

"तुम्ही ऑनलाइनच घ्या. कॅमेरा बंद ठेवता येतो."

विभागप्रमुख मॅडम हे हसून म्हणाल्या. टेबलाच्या पलीकडे त्या आणि एक सर. अलीकडे मी, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून. स्पीच थेरपीच्या पदव्युत्तर प्रवेशाची मुलाखत होती. त्या वर्षी संस्थेने एकच अभ्यासक्रम दोन तऱ्हांनी ठेवला होता: रोज संभाजीनगरला येऊन वर्गात आणि ओपीडीत, किंवा घरबसल्या पडद्यावर. मी वर्ग मागितला होता.

त्याआधी सरांनी विचारले होते, "वडील काय करतात?"

"मेंढ्या राखायचे. आता आजारी आहेत."

"वा! म्हणजे डोंगरावरून हाळी देणारी माणसं. आणि तुमचा आवाज तर टेबलसुद्धा ओलांडत नाही."

दोघे हसले. मीही हसले.

मग मॅडमनी समजावले. "वाईट वाटून घेऊ नका. पेपर तुमचे उत्तम आहेत. पण इथं चांगल्या घरची मुलं उपचाराला येतात. आईवडील समोर बसून ऐकतात, बाई कशा बोलतात ते. तुम्हालाच अवघड होईल." त्यानंतर ते कॅमेऱ्याचे वाक्य. आणि, "आठवडाभरात कळवा."

मी म्हणाले, "थँक्यू, मॅडम."

जिन्यावरून उतरताना लक्षात आले की मला खरोखर सुटल्यासारखे वाटत होते. अपमानाहून ते जड होते. त्यांनी मला जे सुचवले, ते माझ्या मनाने आधीच मागून ठेवले होते.

याला कारण आहे. कन्नड गावच्या शाळेत कविता पाठ म्हणायची माझी पाळी आली की वर्ग खिदळायचा. आमच्या वस्तीवरचे बोलणे, अंगाला येणारा लोकरीचा वास, त्यात घाबरले की माझे तोंड वाकडे व्हायचे. गुरुजी एकदा वैतागून म्हणाले, "तुझं थोबाड बघूनच हसत्यात पोरं. भिंतीकडं तोंड कर अन् म्हण." मी भिंतीकडे तोंड केले. कविता न अडखळता म्हटली. गुरुजी म्हणाले, "आता कसं!" तेव्हापासून शाळा संपेपर्यंत मी भिंतीलाच कविता म्हणून दाखवल्या. कोणी हसले तरी दिसायचे नाही. मला ती सोय वाटू लागली. सोय म्हणूनच मी ती पुढे जपली. लग्न झाले, मुले झाली, पस्तिशीत पदवीला बसले. वर्गातल्या मुली काकू म्हणायच्या. मी शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड.

बजाजनगरला घरी आले तर दारात रिकामे ड्रम. त्या वर्षी पाऊस फिरकला नव्हता. वाळूजकडे नव्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यांच्या जाहिरातींवर कारंजी होती, आणि आमच्या गल्लीत टँकर कधी येईल ते कोणालाच सांगता येत नव्हते. आला की जो घरी, त्याचे ड्रम भरायचे. माझे यजमान कंपनीत शिफ्टला. मुलाखतीत काय झाले ते मी त्यांना सगळे सांगितले नाही. ऑनलाइन सुचवले, एवढेच सांगितले.

"मग घे की. सोन्यावानी झालं. कानात घाल अन् पाइप धर. तुझी मॅडम काय ड्रममधी डोकावनारय व्हय?"

त्यात खोट काढता येत नव्हती. ऑनलाइन शिकणे हलके आहे, असे मला आजही वाटत नाही. ज्यांना घर सोडणे शक्यच नाही, त्यांना तो दरवाजा आहे. माझ्या बाबतीत तो कोणी आणि का दाखवला, एवढाच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाकडे बघायचे त्राण माझ्यात नव्हते. मी ठरवले. सोमवारी जाऊन ऑनलाइन सांगायचे.

रविवारी माहेरी गेले. कन्नडपर्यंत एसटी, पुढे जीप. वस्तीवर वडील, म्हणजे आमचे आबा, आणि आई दोघेच. भाऊ मेंढ्या घेऊन चाऱ्यासाठी दूर कालव्याकडे गेलेला. मागे जाळीत फक्त कोकरे. आबांना उन्हाळ्याच्या तोंडाला अर्धांगवायूचा झटका आला होता. हातपाय बऱ्यापैकी सावरले. बोलणे गेले. ज्या माणसाची हाळी पलीकडच्या टेकडीवर पोहोचायची, तो आता नुसता श्वास सोडायचा. त्याच संस्थेतली एक तरुण थेरपिस्ट त्यांना फोनवर व्यायाम देत असे.

त्या दिवशीही तिचा व्हिडिओ कॉल आला. आईने फोन तांब्याला टेकवून ठेवला. मी बाजूला बसले, चौकटीच्या बाहेर.

"बाबा, माझ्या तोंडाकडे बघा. ओठ बघा माझे. म्हणा, आ."

आबा जमिनीकडे बघत राहिले.

"बाबा, वर बघा ना. इकडे."

आबांनी टॉवेल ओढून तोंडावर घेतला.

"घरचं कोणी आहे का? हे सहकार्य करत नाहीत हो. मागच्या वेळीही असंच. सध्या थांबवू या आपण." फोन बंद झाला.

आई चुलीकडे वळत म्हणाली, "परक्या लेकीच्या तोंडाकडं टक लावून बघत्यात व्हय कोनी? घरच्या सुनंकडं बी कधी मान वर केली नाय त्यांनी. म्हनं, व्हट बघा!"

मला हे ठाऊक होते. आमच्यात मोठा माणूस परक्या बाईच्या चेहऱ्याकडे रोखून बघत नाही. तो तिचा मान असतो. एक वाक्य बोलले असते तर त्या मुलीला समजले असते. पण बोलायचे तर चौकटीत यावे लागले असते. मी माझा कॅमेरा बंद ठेवला, आणि आबांचा उपचार थांबला.

ऊन कलल्यावर आबा दगडी कट्ट्यावर जाऊन बसले. मी त्यांच्या समोर गेले नाही. शेजारी बसले, खांद्याला खांदा लावून, दोघांची तोंडे कोकरांकडे. माझा तळहात त्यांच्या पाठीवर ठेवला. रोजच्या सवयीची ओळ आपण सुरू करायची आणि शेवटचा तुकडा रुग्णासाठी मोकळा सोडायचा, हे मी पुस्तकात वाचले होते. करून पाहिले नव्हते.

मी हाळी दिली. "हुर्रर्र... ये, ये..." आणि थांबले.

काही नाही. वारा. परत दिली, मोठ्याने. पोटातून. माझा एवढा आवाज मी स्वतःच कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आई दारात आली. "काय झालं गं, माय?"

तिसऱ्यांदा मी थांबले तेव्हा माझ्या तळहाताखाली त्यांची पाठ हलली. श्वास भरला. मग फाटक्या, घोगऱ्या आवाजात:

"ये."

कोकरांनी माना वर केल्या. आबा माझ्याकडे बघत नव्हते. ते समोर बघत होते, आणि ते बघणे त्यांचे स्वतःचे होते. माझे भिंतीकडे बघणे मला दुसऱ्याने लावलेले होते. इतकी वर्षे मी ते स्वभाव म्हणून वागवले. आणि त्यांचा श्वास तळहाताला समजला होता. तो पडद्यावर आला नसता.

सोमवारी मी गेले. तेच टेबल. तेच दोघे.

"काय मग, ऑनलाइन ना?"

"नाही. वर्गात."

"अहो, इथं रोज उभं राहून बोलावं लागतं. लोक हसतील."

मी पर्स टेबलावर ठेवली. "हसू द्या. त्यांच्या तोंडाकडं बघून बोलेन. आणि मॅडम, माझे वडील सहकार्य करत नाहीत असं तुमच्या विभागानं सांगितलं. ते खोटं आहे. त्यांना कसं विचारायचं ते तुम्हाला माहीत नव्हतं."

सर हसले नाहीत. मॅडम म्हणाल्या, "बसा." मी उभीच राहिले.

वर्गात प्रवेश घेतला म्हणून यजमान दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग म्हणाले, "सेकंड शिफ्ट असली तर पाइप मी धरीन. फर्स्ट असली का तुझं तू बघ." फर्स्ट असली की आमचे ड्रम कधी कधी रिकामे राहतात. संध्याकाळी शेजारणीकडे घागर मागायला मी जाते. मी दमते. वर्गात माझ्या बोलण्यावर अजून कोणीतरी हसते. मी पहिल्या बाकावर बसते आणि मान वळवून कोण हसले ते बघते.

आबा अजून तेवढेच म्हणतात. ये. माझे नाव त्यांना आलेले नाही. बहुधा येणारही नाही, हे मला माझ्याच शिक्षणाने सांगितले आहे. मी ते मऊ करून घेत नाही.

पण यापुढे घाट उतरून एखादा म्हातारा या ओपीडीत आला, तर बाकावर त्याच्या शेजारी मी बसलेली असेन. आणि तो सहकार्य करत नाही असे ज्याला म्हणायचे असेल, त्याला ते माझ्या तोंडावर म्हणावे लागेल.